झिजेची बखर

गावाचा इतिहास लिहावयाचा तर प्रथम गावाचे दफ्तर धुंडाळावे, हा आपल्याकडील इतिहासलेखनाचा जुना दंडक. आणि मौजे महापे, तालुका ठाणे, या गावाचे दफ्तर उघडले तर त्यात मुख्यतः जमिनीची हकिकत सापडावी, हे स्वाभाविकच आहे. कब्जा कोणाचा, आकार किती, फेरफार कोणत्या कारणाने झाला आणि अखेरीस संपादनाचा हुकूम कधी निघाला, एवढे सांगून महसुली कागद मौन धरतात. परंतु गेल्या साठ वर्षांत या गावाच्या शिवारावरून जी असंख्य वाहने गेली, अडली, दुरुस्त झाली आणि हातोहात विकली गेली, त्यांच्या पोटातही एक दफ्तर साठत गेले आहे, आणि ते कोणा कारकुनाने लिहिलेले नसल्यामुळे त्यात खाडाखोड करणे तितकेसे सोपे नाही. क्लचच्या प्लेटवर आणि गिअरच्या दात्यांवर पडलेली झीज हे ते दफ्तर होय. मोटार कोणाच्या नावे आहे हे परिवहन कार्यालयाचा कागद सांगतो. ती कोणत्या रस्त्यावर आणि कोणत्या स्वभावाने हाकली गेली, हे ही झीज सांगते. ज्या छोट्या, चपळ, हाताने गिअर टाकावयाच्या हॅचबॅक मोटारी हौसेपोटी विकत घेतल्या जातात आणि काही वर्षांनी दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या दारात जाऊन उभ्या राहतात, त्यांच्या बाबतीत तर हा मजकूर फारच ठळक अक्षरांत उमटलेला असतो. तो वाचण्याची विद्या या मुलुखात कशी घडली आणि आज ती कोणत्या वळणावर येऊन ठेपली आहे, याचा मागोवा घेण्याचा येथे विचार आहे.

महाप्याचे स्थान या दृष्टीने मोठे मार्मिक आहे. पूर्वेस पारसिकचा डोंगर, पश्चिमेस ठाण्याची खाडी आणि या दोहोंमधून दक्षिणोत्तर गेलेला ठाणे-बेलापूर रस्ता. या रस्त्याला महापे येथे जो फाटा फुटतो, तो अडवली-भुतवलीच्या बाजूने डोंगर ओलांडून पलीकडे शीळफाट्याला उतरतो आणि तेथे मुंब्रा, पनवेल व कल्याण या तिन्ही दिशांच्या रस्त्यांना मिळतो. खाडीपलीकडे कुर्ल्याला, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. त्याच बाजूस किंचित उत्तरेकडे घाटकोपरला, ब्रेकची आणि क्लचची लायनिंग तयार करणारी हिंदुस्थान फेरोडो होती. डोंगरापलीकडे मुंब्र्याच्या अंगास कौसा-शीळ परिसरात, १९७१ साली स्थापन झालेल्या भारत गिअर्स या कंपनीचा गिअर कापण्याचा कारखाना आहे. आणि कल्याणच्या बाजूस गेले की प्रीमियरचाच दुसरा कारखाना लागे, जेथून १९९० च्या दशकात प्यूजो ३०९ ही मोटार बाहेर पडली. मोटार जुळवणारे, तिच्या क्लचला अस्तर पुरवणारे आणि गिअरचे दाते घडवणारे असे सारे कारखाने महाप्याभोवती एका दिवसाच्या फेरीत पाहून व्हावेत इतक्या अंतरावर असावेत, आणि त्याच परिसरातील चढउतारांनी, सिग्नलांनी व कोंडीने तेच अस्तर आणि तेच दाते झिजवावेत, हा योग विरळाच म्हणावा लागेल.

हा परिसर असा कसा झाला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. भातखाचरे, मिठागरे आणि खाडीतील मासेमारी यांवर निर्वाह करणाऱ्या आगरी-कोळ्यांच्या गावांची ही पट्टी. १९६१ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम संमत झाला, पुढील वर्षी औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, आणि दिघ्यापासून दक्षिणेकडे डोंगराच्या पायथ्याने ठाणे-बेलापूर औद्योगिक क्षेत्राची आखणी झाली. पाठोपाठ रसायनांचे मोठे कारखाने उभे राहिले आणि त्यांच्या आश्रयाने लहान लहान शेडांतून लेथ, मिलिंग, उष्णतासंस्कार अशी कामे करणारे कारागीर स्थिरावले. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली, पंचाण्णव गावांची भूमी नव्या नगराच्या आराखड्यात गेली, त्याच दशकाच्या आरंभी वाशीचा खाडीपूल खुला झाला, आणि १ जानेवारी १९९२ रोजी नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. महाप्याच्या वाट्याला इलेक्ट्रॉनिक उद्योगांचा विभाग आला आणि शतक उलटण्याच्या सुमारास मिलेनियम बिझनेस पार्क. आपल्या विषयाशी यांतील दोन गोष्टींचा साक्षात संबंध येतो: शेडांतून धातू घासूनपुसून नीट करणारा हात, आणि बिझनेस पार्कातून पहिल्याच नोकरीवर कर्जाची सोय होऊन मोटार घेणारा तरुण. जी मोटार दुसऱ्याने झिजवावी, ती पहिल्याने दुरुस्त करावी, असा हा अलिखित करार आहे.

परंतु तो तरुण रंगभूमीवर येण्यापूर्वीचा एक मोठा अंक टंचाईचा आहे, आणि झीज वाचण्याची विद्या त्या अंकातच जन्मली. जनरल मोटर्सने १९२८ पासून मुंबईत शिवडीला मोटारी जुळवण्याचा उद्योग चालवला होता. स्वातंत्र्यानंतर टॅरिफ आयोगाच्या १९५३ च्या शिफारशींवरून सरकारने असे धोरण ठरवले की, ज्यांच्यापाशी देशातच निर्मिती करण्याचा क्रमबद्ध कार्यक्रम असेल त्यांनीच या धंद्यात राहावे. आणि जनरल मोटर्स व फोर्ड या दोन्ही कंपन्यांनी गाशा गुंडाळला. कुर्ल्याची प्रीमियर राहिली. तेथून निघालेल्या पन्नासच्या दशकातील फियाट ११०० ला तिच्या गोलमटोल आकारामुळे मुंबईने ‘डुक्कर फियाट’ म्हणून आपलेसे केले, आणि तिच्या पुढल्या आवृत्तीला १९७४ पासून ‘पद्मिनी’ हे नाव लाभले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीसएक अश्वांची, गिअरचा दांडा सुकाणूच्या खांबाला जोडलेला, आणि नोंदणी केल्यापासून मोटार हाती येईपर्यंत वर्षांमागून वर्षे लोटत. ज्या वस्तूसाठी इतकी प्रतीक्षा करावयाची, ती वस्तू मोडू द्यायची नसते, हे अर्थशास्त्राचा एकही ग्रंथ न वाचता त्या पिढीला समजले होते.

त्या मोटारींच्या गिअरबॉक्समध्ये वरच्या तीन गिअरांना सिंक्रोमेशची सोय होती, पहिल्याला नव्हती. ही सोय अमेरिकेत कॅडिलॅकने १९२८ साली प्रथम आणली. तिचे काम एवढेच की, वेगवेगळ्या गतीने फिरणारे दोन भाग एकमेकांत गुंतण्यापूर्वी एका पितळी कड्याच्या घर्षणाने त्यांची गती समान करावी. जेथे ती नाही तेथे हे काम चालकाच्या पायाला करावे लागते: क्लच दाबून दांडा न्यूट्रलला आणावयाचा, क्लच सोडून अॅक्सिलरेटरला अदमासाने एक टोला द्यावयाचा, पुन्हा क्लच दाबून मग गिअर टाकावयाचा. यालाच डबल क्लच म्हणत. खंडाळ्याच्या घाटात चालत्या मोटारीला पहिला गिअर टाकण्याची वेळ आली की हे कसब कोणाच्या अंगी आहे आणि कोणाच्या नाही, याचा निवाडा दात्यांच्या करकरण्याने भर रस्त्यात होई. चालक भाडोत्री असो वा मालक स्वतः असो, गिअर ओरडला तर शेजारी बसलेल्याच्या चेहऱ्यावर नापसंती उमटे. सारांश, त्या काळी यंत्राची उणीव माणसाच्या शिक्षणाने भरून निघत असे आणि यंत्र त्यामुळे टिकत असे.

टिकत असे म्हणजे झिजत नसे असे मात्र नव्हे. टॅक्सीचा क्लच वरचेवर जाई, आणि गेला की गॅरेजातील उस्तादाकडे येई. क्लचची रचना मुळात साधी आहे: इंजिनाबरोबर अखंड फिरणारे फ्लायव्हील, त्यावर कमान्यांच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट, आणि दोहोंच्या मध्ये गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसलेली, दोन्ही अंगांना लायनिंग लावलेली क्लच प्लेट. पायाने पेडल दाबले की मधली प्लेट मोकळी होते, सोडले की धरली जाते; आणि मोकळे व धरलेले यांच्या मधल्या अवस्थेत, जिला सारे जण हाफ क्लच म्हणतात, ती घसरत घसरत पकड घेते. झीज होते ती सारी या मधल्या अवस्थेत. लायनिंग रिव्हेटांपर्यंत उतरले की उस्ताद जुने रिव्हेट छिद्र पाडून काढी, त्याच लोखंडी तबकडीवर नवे लायनिंग मारी आणि फ्लायव्हीलवर चरे पडले असल्यास ते लेथवर चढवून फेस करून घेई. पोऱ्याने धूळ झटकावी, उस्तादाने बोट फिरवून फ्लायव्हीलवरचे निळसर डाग पाहावेत, आणि ही मोटार चढावर हाफ क्लचवर तोलून धरली जाते की काय, हे मालकाला विचारण्याऐवजी सांगूनच टाकावे, असा तो रिवाज होता. ती धूळ मात्र निरुपद्रवी नव्हती. तत्कालीन लायनिंग अॅस्बेस्टॉसचे असे. त्या तंतूंनी कामगारांच्या फुप्फुसांवर काय ओढवते याची कायदेशीर दखल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मधील निकालात घेतली आणि कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जीविताच्या हक्काचाच भाग ठरवला. गॅरेजातील पोऱ्या कोणत्याही हजेरीपटावर नसल्यामुळे त्या निकालाचा उजेड त्याच्यापर्यंत किती पोहोचला असेल, हे वेगळे सांगणे न लगे.

या जुन्या व्यवस्थेला पहिला धक्का १४ डिसेंबर १९८३ रोजी बसला, तो मारुती ८०० च्या आगमनाने. ७९६ घनसेंटिमीटरचे इंजिन पुढे आडवे बसवलेले, गिअरबॉक्स त्याच्याच अंगाला आणि शक्ती पुढच्या चाकांना, ही रचना या देशात सर्वसामान्यांच्या वाट्याला प्रथमच आली. तिची वंशावळ युरोपातली. इंग्लंडमध्ये अॅलेक इसिगोनिस यांनी १९५९ च्या मिनीत आडव्या इंजिनाखाली, त्याच्याच तेलात, गिअरबॉक्स ठेवला होता. इटलीत फियाटचे दांते जाकोसा यांनी १९६४ च्या ऑटोबियांकी प्रिमुलामध्ये तो इंजिनाच्या टोकाला आणून बसवला, आणि आज जगात धावणाऱ्या बहुतेक छोट्या मोटारी याच दुसऱ्या घराण्याच्या आहेत. जागेची काटकसर झाली, मोटार हलकी झाली, सारे गिअर सिंक्रोमेशचे झाले. डबल क्लच शिकण्याची गरज उरली नाही, आणि जे शिकण्याची गरज उरत नाही ते एका पिढीत विस्मरणात जाते. उलटपक्षी क्लच प्लेट बदलण्यासाठी आता पुढच्या चाकांचे ड्राइव्ह शाफ्ट सोडवा, इंजिनाला आधार द्या, गिअरबॉक्स खाली उतरवा, असा व्याप वाढला. मजुरी मोठी झाल्यामुळे, एकदा उतरवलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा संपूर्ण संचच बदलून टाकावा, हा व्यवहारी हिशेब रूढ झाला आणि लायनिंग मारण्याची कला मोटारींपुरती मावळली.

पाठीमागे वर उघडणारे दार असलेली छोटी मोटार आणि तिच्यात तिच्या वजनाच्या मानाने दांडगे इंजिन, हा संकर जर्मनीच्या गोल्फ जीटीआयने १९७६ साली लोकप्रिय केला. आपल्याकडे त्याला पंचवीस वर्षे लागली, आणि नवल असे की तो कुर्ल्यातच अवतरला. फियाटची पॅलिओ २००१ साली आली, तिच्या १.६ जीटीएक्स या प्रकारात १५९६ घनसेंटिमीटरचे, शंभर अश्वशक्तीचे इंजिन होते. सचिन तेंडुलकर तिचे प्रचारक होते, आणि त्यांच्या नावाने निघालेल्या एस-१० या आवृत्तीच्या अवघ्या पाचशे मोटारी निघाल्या. ज्या आवारातून चाळीस अश्वांची पद्मिनी गंभीरपणे बाहेर पडत असे, तेथून शंभर अश्वांची ही उतावळी पोर बाहेर पडली. पुढे फियाटचा मुक्काम पुणे जिल्ह्यात रांजणगावला हलला, आणि तेथूनच २०१५ साली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंतो निघाली. चाकणच्या कारखान्यातून फोक्सवॅगनची पोलो २०१० पासून येऊ लागली, आणि तिचा जीटी टीडीआय हा डिझेलचा, हाताने गिअर टाकण्याचा प्रकार २०१३ साली. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पुरता खुला झाला होता, बँकांची कर्जे सुलभ झाली होती, आणि महाप्यात, ऐरोलीत, घणसोलीत संगणकापुढे दिवस घालवणाऱ्या पिढीला शनिवारी पहाटे घाट गाठण्याची नवी हौस लागली होती. एकंदर ग्रहमान मोठे अनुकूल होते. प्रतिकूल होते ते केवळ क्लचला.

याचे कारण यंत्रशास्त्रात आहे. क्लचवरचा भार अश्वशक्तीपेक्षा पिळाने, म्हणजे ज्याला टॉर्क म्हणतात त्याने, ठरतो. पोलो जीटी टीडीआयचा टॉर्क २५० न्यूटन-मीटर, अबार्थ पुंतोचा २१२, आणि टर्बोमुळे तो इंजिनाच्या खालच्या फेऱ्यांतच एकदम उसळून येतो. मूळ बनावटीत या भाराला पुरून उरेल एवढी पकड दिलेली असते. परंतु संगणकीय आज्ञावली बदलून, मुलांच्या भाषेत रिमॅप करून, टॉर्क आणखी वाढवला की ती शिल्लक संपते, आणि मग चौथ्या-पाचव्या गिअरवर पाय दाबताच इंजिनाच्या फेऱ्या वाढतात व वेग मात्र तसाच राहतो. गिअरबॉक्सची कथा निराळी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या गुणोत्तरांत सर्वांत मोठे अंतर असल्यामुळे दुसऱ्याच्या सिंक्रो रिंगला सर्वाधिक गतिभेद मिटवावा लागतो. तिच्या आतल्या अंगाला कापलेल्या बारीक खाचा तेलाचा थर बाजूस सारून पकड घेतात, आणि त्या खाचा गुळगुळीत झाल्या की घाईने टाकलेला दुसरा गिअर कुरकुरू लागतो. तरीही जबरदस्ती चालू राहिली तर दात्यांची टोके बोथट होतात, आणि अखेरीस अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच गिअर आपोआप निसटून न्यूट्रलला येतो. दांड्यावर सदैव तळहात टेकवून बसण्याची ऐट आतल्या फोर्कला झिजवते. क्लचवर डावा पाय विसावण्याची सवय रिलीज बेअरिंगचा बळी घेते. प्रत्येक दोषामागे एक सवय, आणि प्रत्येक सवयीमागे एक रस्ता उभा असतो.

तो रस्ता महाप्याचाच घ्यावा. शीळफाट्याकडून डोंगर चढून येणाऱ्या अवजड कंटेनरांच्या मागे सकाळी अडकलेली मोटार, चढावर हाताच्या ब्रेकने उभी करण्याऐवजी हाफ क्लचवर इंचाइंचाने सरकवली जाते, तेव्हा तिच्या प्लेटवर जी उष्णता निर्माण होते ती सरळ रस्त्यावरील किती तरी दिवसांच्या चालवण्याने होणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावर तर वर्षानुवर्षे प्रत्येक सिग्नलला थांबणे व पुन्हा पहिल्या गिअरपासून आरंभ करणे हा नित्यनेम होता. २०१८ साली महापे चौकाखालून भुयारी मार्ग आणि त्याच रस्त्यावर उड्डाणपूल खुले झाले, तेव्हा प्रवाशांचा वेळ वाचल्याची वार्ता छापून आली, क्लच प्लेटांचे आयुष्य वाढल्याची कोणी छापली नाही. ज्या मोटारीने पंधरा हजार किलोमीटर द्रुतगती मार्गावर काढले तिचा क्लच आणि जिने तेवढेच अंतर शीळच्या चढावर काढले तिचा क्लच, या दोहोंत जमीन-अस्मानाचे अंतर असते, आणि मीटरवरचा आकडा दोन्हीकडे एकच असतो. वापरलेल्या मोटारीच्या व्यवहारातील सारी फसगत या एका वाक्यात सामावलेली आहे.

आता तो व्यवहार. वाशीच्या परिवहन कार्यालयाची एमएच-४३ ही निशाणी लागलेली मोटार दुसऱ्याच्या नावे करावयाची तर नमुना २९ आणि ३० भरावे लागतात. बँकेचा बोजा उतरवण्यासाठी नमुना ३५. दुसऱ्या हद्दीत न्यावयाची तर ना-हरकतीचा नमुना २८. जुन्या वाहनांच्या व्यापाऱ्यांनाही १ एप्रिल २०२३ पासून नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घेणे बंधनकारक झाले. कागदांची ही चौकट उत्तम आहे. तीत मालक कितवा आहे, बोजा आहे की नाही, विमा केव्हा संपतो हे सारे नमूद असते, आणि दुसऱ्या गिअरची रिंग उरली आहे की नाही, एवढेच नमूद नसते. म्हणून सौदा ठरण्यापूर्वी ओळखीच्या मिस्त्रीला बरोबर नेण्याची चाल अद्याप टिकून आहे.

मुरलेला मिस्त्री मोटारीच्या रंगाकडे पाहत नाही. इंजिन गार असतानाच ते सुरू करावे असा त्याचा आग्रह असतो, कारण गार तेलात गिअरबॉक्स खोटे बोलू शकत नाही. प्रथम तो न्यूट्रलमध्ये, पेडलला पाय न लावता, कान देतो. घरघर ऐकू आली आणि पेडल दाबताच ती थांबली, तर इनपुट शाफ्टचे बेअरिंग गेलेले. उलट पेडल दाबल्यावरच आवाज सुरू झाला, तर रिलीज बेअरिंग. मग तो पेडल सावकाश सोडत मोटार कोठे उचलते ते पाहतो. अगदी वर येऊन उचलत असेल तर लायनिंग उतरत आलेले, आणि उचलताना मोटार थरथरत असेल तर फ्लायव्हील तापून डागाळलेले अथवा ऑइल सीलमधून प्लेटवर तेल आलेले. हायड्रॉलिक क्लच असला तर पेडलची उंची फारसे काही सांगत नाही, हेही तो जाणतो, आणि म्हणून मोटार शीळच्या चढावर नेण्यास सांगतो. तेथे रस्ता मोकळा पाहून तिसऱ्या-चौथ्या गिअरवर, कमी वेगात असताना, अॅक्सिलरेटर पुरता दाबावयाचा: इंजिन ओरडले आणि मोटार खेचत नसली, तर पुढे बोलण्याचे कारण उरत नाही. परतीच्या उतारावर तिसऱ्यावरून दुसरा गिअर घाईने टाकून रिंगची परीक्षा, आणि दुसऱ्यातच पाय सोडून गिअर निसटतो की काय याची. विकणाराही काही कच्च्या गुरूचा चेला नसतो. केबल ताणून पेडल जागेवर आणणे, गिअरबॉक्समध्ये जाड तेल घालून गुरगुर दाबणे, हे उपाय त्याला ठाऊक असतात. परंतु जाड तेलाने गार गिअर जड पडतो, आणि जड पडलेला गिअर हीच मिस्त्रीच्या लेखी नवी साक्ष होते. दहा मिनिटांच्या या फेरीनंतर तो मालकाविषयी जे सांगतो, ते ऐकून विकणारा पुष्कळदा अवाक होतो: मोटार शिकाऊ हातात होती, दोघे जण चालवीत होते, टायर जाळण्याची हौस होती.

हा परीक्षक आता ओसरत चाललेल्या काळाचा प्रतिनिधी आहे. मुंबईच्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीचा परवाना ऑक्टोबर २०२३ अखेर संपला. पोलोचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले, अबार्थ पुंतो त्याच्याही आधी गेली. टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ साली आली खरी, पण हाताने गिअर टाकण्याच्या चपळ हॅचबॅकची परंपरा आता बहुतांशी जुन्या मोटारींच्या बाजारावर जगते आहे. जी वस्तू नव्याने मिळत नाही तिची झीज महत्त्व पावते. टंचाईच्या अंकातील तो जुना न्याय अशा रीतीने हौशी मंडळींच्या बाबतीत पुन्हा लागू झाला आहे, आणि कुर्ला-कालिन्याच्या सुट्या भागांच्या बाजारात पॅलिओचा एखादा धड गिअरबॉक्स शोधणाऱ्याला त्याची प्रचीती येते. दुसरीकडे सर्वसामान्य ग्राहक २०१४ नंतर मारुतीने सुलभ केलेल्या स्वयंचलित गिअरांकडे वळला. त्या एएमटी प्रकारात क्लच प्लेट तीच असते, पेडल मात्र नसते. झीज तशीच होते, परंतु ती किती झाली हे पायाला कळण्याचा मार्ग बंद होतो आणि मोटारीतील संगणकाच्या स्मृतीत ती आकड्यांच्या रूपाने जमा होते. दुहेरी क्लचच्या गिअरबॉक्सांत हा प्रकार अधिकच गूढ आहे, आणि विजेच्या मोटारीत क्लच उरतच नाही, बॅटरीची झीज उरते. तीही संगणकाच्याच स्वाधीन.

येथे या बखरीतील खरा पेच उभा राहतो. पद्मिनीपासून पोलोपर्यंतची झीज हे सार्वजनिक दफ्तर होते. ज्याला कान आणि पाय होते त्या कोणालाही ते वाचता येत होते, आणि मिस्त्रीची पारख ही विकणारा व घेणारा यांच्यातील विषमता कमी करणारी एक स्वस्त, विनासनद न्यायव्यवस्था होती. नवे दफ्तर अधिक बिनचूक आहे यात शंका नाही; क्लच किती वेळा तापला, किती अंश तापला, हे ते उस्तादाच्या बोटापेक्षा नेमके सांगेल. परंतु त्याची किल्ली कंपनीच्या यंत्राकडे आहे, आणि जे दफ्तर एकालाच वाचता येते त्यावर दुसऱ्याने विश्वास ठेवावा असा आग्रह धरणे हे कोणत्याही काळातील रयतेला मानवलेले नाही. सातबारा मागेल त्याला मिळतो, मोटारीवरील बोजाही नोंदणीपत्रात दिसतो. मग हस्तांतरणाच्या वेळी मोटारीच्या स्मृतीतील झिजेच्या नोंदीची नक्कल घेणाऱ्याच्या हाती पडावी, अशी तरतूद नमुना २९ आणि ३० यांच्या जोडीला व्हावयास काय हरकत आहे? महाप्याच्या चढावर मिस्त्री जे दहा मिनिटांत, चहाच्या खर्चात सांगतो, ते उद्या सांगणारे कोणी उरणार नसेल, तर ते कायद्याने सांगितले जावे, हीच या व्यवसायाच्या इतिहासातून निघणारी रास्त मागणी आहे.